बाहेरच्यांचा कोटा

“आकडा सांग, हनीफ,” अबू फहद म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं की हे विकत मिळत नाही. तो हसला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. त्याने कॉफीचा फिंजान हलवला, म्हणजे आता ओतू नका, आणि सोफ्यावर मागे रेलून माझ्या तोंडाकडे बघत बसला. जेद्दाच्या बलद भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात उमऱ्याचं, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेचं, हॉटेल मिळायचं, विमानाचं तिकीट मिळायचं, आफ्रिकेतली शिकारसुद्धा मिळायची. ‘विकत मिळत नाही’ हे वाक्य त्या ऑफिसात कुणी उच्चारलेलंच नव्हतं.

शिकार हा माझा विभाग होता. लोक ऐकून दचकतात म्हणून आधीच सांगतो, मी बकरी ईदचा बकराही दुसऱ्याला कापायला देतो. माझं काम कागदांचं. थंडीत पैसेवाले सौदी शिकारीसाठी परदेशी जायचे. कुठल्या देशात कोणत्या जनावराला परवानगी आहे, लायसन्स कोण देतो, बंदूक कशी न्यायची, हे मी बघायचो. ऑफिसात माझ्या टेबलाला सफारी डेस्क म्हणत. आफ्रिकेत हे काम सोपं होतं. पैसे भरा, तिथली कंपनी लायसन्स काढून विमानतळावर उभी.

या वेळी मात्र अबू फहदला अमेरिका हवी होती. तो बांधकामातला मोठा कॉन्ट्रॅक्टर, अल खर्जला त्याची शेतीही होती. लहानपणी त्याला ससाणा सोडून पक्षी धरायची शिकार शिकवली ती मामांनी. त्या मामांचं हृदयाचं ऑपरेशन अमेरिकेत झालं. हॉस्पिटलमधल्या टीव्हीवर त्यांनी एल्क पाहिला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. मामा म्हणाले, बरा झालो तर याची शिकार करीन. भाच्याने तिथेच शब्द दिला. मामा बरे झाले आणि तो शब्द माझ्या टेबलावर येऊन पडला.

मी एल्क मिळतो अशा तिथल्या एका डोंगराळ राज्याचे नियम डाउनलोड केले आणि वाचत गेलो तसा गार पडलो. अमेरिकेत शिकारीचं लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. राज्यात राहणारा तो रेसिडेंट. बाकी सगळे नॉन-रेसिडेंट, मग तो शेजारच्या राज्यातला असो की जेद्दाचा. मोठ्या जनावरांची लायसन्स मोजकी. त्यातली बहुतेक राज्यातल्यांना, उरलेला छोटा कोटा बाहेरच्यांना. बाहेरचे अर्ज पुष्कळ, म्हणून कम्प्युटरवर ड्रॉ. नाव निघालं तर जा, नाही निघालं तर पुढच्या वर्षी.

मी हे सगळं अबू फहदला अरबीत समजावलं. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग कडक झाला.

“लॉटरी?” तो म्हणाला. “पैसे भरायचे आणि नशिबाची वाट बघायची? मी जुगार खेळत नाही. मामांना जुगाराचं मांस खायला घालू?”

तो उठला. दारात वळून म्हणाला की रियाधला एक एजंट आहे, तो असली कारणं सांगत नाही.

ही गोष्ट माझ्या दृष्टीने किती वाईट होती ते सांगायला हवं. ती सौदायझेशनची वर्षं होती. सरकारने ठरवलं होतं की नोकऱ्या आधी सौदी माणसांना. त्यासाठी कंपन्यांना रंग दिले होते. सौदी माणसं पुरेशी असली तर कंपनी हिरवी, कमी असली तर पिवळी, त्याहून कमी तर लाल. आमचं ऑफिस पिवळं होतं, आणि पिवळ्या ऑफिसात माझ्यासारख्या जुन्या माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रिन्यू होत नसे. मग कफीलने नौफला घेतलं. कफील म्हणजे आमचा मालक, ज्याच्या नावावर मी त्या देशात होतो. नौफ ही तिशीतली सौदी बाई, टुरिझमची डिग्री घेतलेली. ती आली आणि ऑफिस हिरवं झालं. म्हणजे गंमत बघा, तिच्यामुळे माझा इकामा रिन्यू होऊ शकत होता, आणि तिच्यामुळेच माझी गरज उरली नव्हती. तिला सफारी डेस्क शिकवायचं काम माझ्याकडेच होतं.

कफील सरळ माणूस होता. त्याने मला बोलावून सांगितलं की डेस्क अबू फहदवर आणि त्याच्या दोस्तांवर चालतो. त्याचं लायसन्स निघालं तर डेस्क राहील, तूही एक वर्ष राहशील. तो दुसरीकडे गेला तर डेस्क बंद आणि तुझी फायनल एक्झिट, कायमचं घरी. खलास.

मला स्वतःची फिकीर नव्हती, असं म्हणणार नाही. होतीच. पण खरा घोर होता सनाचा. माझी मुलगी जेद्दाच्या इंडियन स्कूलमध्ये नुकतीच बारावीत गेली होती. वर्षाच्या मध्येच गावी श्रीवर्धनला नेऊन तिला कुठल्या कॉलेजात बसवणार होतो मी? तिला घरात सगळं कळलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, “पप्पा, इट्स माय बोर्ड इयर,” आणि पुस्तकात डोकं घातलं. रडली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून मी जेवायला बसलो. शमीमने, माझ्या बायकोने, नाजिलचं कालवण केलं होतं. जेद्दाचा हा मासा आम्हा कोकण्यांना पापलेटाची आठवण विसरायला लावतो, पण त्या दिवशी घास उतरत नव्हता. शमीमला गावाहून भावाचा फोन आला होता. या वर्षीही हजला त्याचं नाव आलं नाही, असं ती सांगत होती. मी हूं हूं करत होतो.

ती वैतागली. “आयकताव काय तुमी? कुर्रा लागला नाय त्याला. बावांचा कसा व्हता आठवतंय ना? किती सालां नाव येत नव्हता, तरी दर साली फारम भरायचे.”

मी हातातला घास तसाच ठेवला.

बावा म्हणजे माझे वडील. भारतातून हजला जाणाऱ्यांचा कोटा ठरलेला. अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या काढतात, तिला कुर्रा म्हणतात. पुन्हा पुन्हा नाव न आलेल्यांना त्या काळात प्राधान्य मिळायचं. बावांचं नाव वर्षानुवर्षं आलं नाही. मी जेद्दात, मक्केपासून तासाभरावर, आणि माझे वडील गावात चिठ्ठीची वाट बघत. दर वर्षी यादी लागली की ते म्हणायचे, “पुढल्या साली.” त्यात तक्रार नसायची. शेवटी एकदाचं नाव लागलं, आणि मी जेद्दाच्या विमानतळावर त्यांना घ्यायला उभा होतो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या गळ्यात पडून रडले.

आता मला सांगा, याला कुणी जुगार म्हणेल? मोजक्या जागा, हक्कदार जास्त, म्हणून चिठ्ठी. अमेरिकेतल्या त्या राज्यातही हेच. नाव निघालं नाही तर लायसन्सची फी परत येते, फक्त अर्जाचा किरकोळ खर्च जातो. वर एक पॉइंट मिळतो, तो पुढच्या वर्षी उपयोगी पडतो. इतके दिवस मी ते नियम एजंटासारखे वाचत होतो. बावांच्या मुलासारखे वाचले असते तर अबू फहद दारातून गेला नसता.

शनिवारी मी नौफला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “उस्ताज हनीफ, त्याला बोलवा. पण या वेळी मीही बसणार.” माझा थोडा अहंकार दुखावला. डेस्क माझा होता, निदान अजून तरी. पण मी हो म्हटलं.

अबू फहद आला तो मिशीत हसत. रियाधच्या एजंटाने काम केलं म्हणाला. मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर त्याच राज्याच्या एल्क लायसन्सचा फोटो होता. नाव मात्र कुणा अमेरिकन माणसाचं. तो रेसिडेंट होता, त्याच्या नावावर लायसन्स निघणं सोपं. एजंटाचं म्हणणं असं की त्या माणसाने बरोबर चालायचं, गोळी मामांनी झाडायची आणि टॅग त्याचा लावायचा. टॅग म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारी चिठ्ठी, ती मारलेल्या जनावराला बांधावी लागते. ज्याचा टॅग त्यानेच गोळी झाडायची, हा तिथला पहिला नियम.

हे पकडलं गेलं तर दंड, बंदूक जप्त, कदाचित अटक, आणि व्हिसा गेला तर मामांची हृदयाची तपासणीसुद्धा बंद. पण एवढं सगळं सांगून अबू फहदला पटलं नसतं. त्याला दंडाची भीती नव्हती. मी वेगळंच बोललो.

“शेख, गेल्या वर्षी तुमच्या साइटवर इन्स्पेक्टर आले होते. कशासाठी?”

त्याचा चेहरा पडला. त्याच्या साइटवर दुसऱ्याच्या इकाम्यावरची माणसं कामाला सापडली होती. ती त्याला एका सब-कॉन्ट्रॅक्टरने दिली होती. माणसं देशाबाहेर गेली, त्याची कंपनी हिरव्याची लाल झाली आणि ती परत हिरवी करताना त्याचा रक्तदाब वाढला, हे सगळ्या बलदला माहीत होतं.

“हा फोटो,” मी म्हणालो, “म्हणजे दुसऱ्याच्या इकाम्यावर काम करणारा माणूस. या वेळी तो माणूस तुमचे मामा असतील.”

त्याने मोबाईल खिशात ठेवला. मग तो हळूच म्हणाला की पण हा अन्याय आहे. जनावर अल्लाचं, डोंगर अल्लाचा, मग राज्यातल्याला जास्त आणि आपल्याला कमी का?

आतापर्यंत गप्प बसलेली नौफ इथे बोलली. “काका, मी या खुर्चीवर का बसले आहे?”

तो तिच्याकडे वळला.

“उस्ताज हनीफना काम येतं, मला अजून येत नाही,” ती म्हणाली. “तरी खुर्ची मला. कारण घर माझं आहे. आधी घरच्यांना, उरलं तर बाहेरच्यांना. मी इथे लागले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, छान नियम आहे.”

तिचं हे बोलणं ऐकून मला बरंही वाटलं आणि कुठेतरी टोचलंही. पण आता बोलायची पाळी माझी होती. मी बावांची गोष्ट सांगितली. चिठ्ठ्या, यादी, पुढल्या साली, विमानतळ. बावांच्या रडण्यापाशी आलो तेव्हा अबू फहदने टेबलावरचा टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. मग त्याने त्याच्या मेहुण्याला फोन लावला. मेहुणा शरियत शिकलेला. फी परत मिळते ना, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि सांगितलं की ही वाटणीची चिठ्ठी आहे, जुगार नाही.

फोन ठेवून अबू फहद मोठ्याने हसला. “म्हणजे तिकडे मी हनीफ.”

“हो,” मी म्हणालो. “आणि इकाम्याची रांग मोठी आहे.”

लढाई जिंकली असं मला वाटलं, पण खरी डोकेफोड पुढेच होती. अबू फहदने सात नावं दिली. तो, मामा आणि पाच दोस्त. सौदी माणूस शिकारीला एकटा जात नाही. तंबू, कॉफी, गप्पा, सगळं टोळक्याने. त्या राज्यात ग्रुपने अर्ज करता येतो, पण ग्रुप अख्खा निघतो किंवा अख्खा पडतो. बाहेरच्यांच्या कोट्यात तीन लायसन्स उरली असली आणि ग्रुप सातचा असला, तर कम्प्युटर सातांना सोडून पुढे जातो. हे नौफने शोधलं. मी ते पान वाचलं होतं, पण त्याचा असा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

मग मी नियम उलटसुलट चाळले आणि वाट सापडली. लायसन्स फक्त बंदूक चालवणाऱ्याला लागतं. बरोबर चालणाऱ्याला, कॉफी करणाऱ्याला लागत नाही, त्याने शिकारीत हात घातला नाही म्हणजे झालं. अर्ज दोघांचाच करायचा, मामा आणि भाचा. पाचजण पाहुणे. अबू फहद आधी कुरकुरला, कारण पाहुण्याच्या हातात बंदूक न देणं म्हणजे त्यांच्यात कमीपणा. पण इकाम्याचं उदाहरण त्याला चांगलंच लागलं होतं.

दोघांच्या अर्जालाही आशा कमीच होती. शिंगवाल्या नराला मागणी प्रचंड. नौफने मागच्या वर्षांचे निकाल काढले आणि मला दाखवले. मादीच्या लायसन्सला बाहेरचे लोक फारसा अर्जच करत नव्हते, कारण सगळ्यांना भिंतीवर शिंगं हवीत. जंगल खात्याला मात्र कळप आटोक्यात ठेवायला माद्याही मारू द्याव्या लागतात. तिथे नाव निघण्याची शक्यता चांगली होती. पण एवढ्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टरला मादी मार म्हणून कोण सांगणार? नौफ माझ्याकडे बघत होती, मी नौफकडे.

शेवटी मी अबू फहदला टाळून थेट मामांना फोन लावला. शिंगांचं सांगितलं, मादीचं सांगितलं. म्हातारा खोकला.

“मुला,” ते म्हणाले, “ससाण्याने पक्षी धरला तर आम्ही त्याची पिसं भिंतीला लावली का? शिंगं शिजवतात का तुमच्याकडे?”

तिथेच निकाल लागला. ज्या माणसाने आयुष्यभर मांसासाठी आणि ससाण्याच्या झेपेसाठी शिकार केली, त्याला शिंगांचं काय कौतुक? आमच्या अर्जातली सगळ्यात मोठी अडचण त्या एका खोकल्यात सुटली. मामांनी वर बजावलं की गोळी मीच झाडणार, कारण मांस हलाल व्हायला बिस्मिल्ला मला म्हणायचंय. मी सांगितलं की अमेरिकेचा कायदाही हेच म्हणतो. त्यांना कायदा आवडला.

एक गंमत राहिली. तिथे लायसन्सआधी शिकारीच्या सुरक्षेचा एक कोर्स करावा लागतो. ठरावीक वयापुढच्यांना सूट, त्यामुळे मामा सुटले. अबू फहद अडकला. त्याने अगदी सहज सांगितलं की कोर्स ड्रायव्हरला करू दे, माझी सगळी कागदपत्रं तोच करतो. नौफ म्हणाली, काका, पुन्हा इकामा? मग तो आमच्या ऑफिसात येऊन, चष्मा लावून, कम्प्युटरपुढे बसला. पहिल्या परीक्षेत नापास झाला. बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं हा प्रश्न चुकला. चाळीस वर्षं शिकार करणारा माणूस चिडला, मग अभ्यास करून पुन्हा बसला आणि पास झाला. त्या दिवशी त्याने अख्ख्या ऑफिसला कब्सा, तिकडचा मटणभात, मागवला.

अर्ज गेला. मधले आठवडे मी मोजले नाहीत, पण सना मोजत होती. निकालाचा ईमेल आला तेव्हा मी नमाजेला गेलो होतो. परत आलो तर नौफ माझ्या खुर्चीमागे उभी. ईमेल उघडला नव्हता. डेस्क तुमचा आहे, म्हणाली.

मी उघडला. इंग्रजीतली एक ओळ. सक्सेसफुल. दोन्ही नावांपुढे.

मी नौफकडे वळून बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही होतं. मी कफीलच्या केबिनमध्ये गेलो आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, ड्रॉवर उघडला आणि माझा पासपोर्ट इकाम्यासाठी बाहेर काढला. घरी फोन केला तर सना म्हणाली, “ओके पप्पा,” आणि फोन शमीमकडे देताना तिचा हुंदका मला ऐकू आला.

पुढचं सोपं होतं. परदेशी माणसाला तिथे बंदूक हातात घ्यायलाही आधी शिकारीचं लायसन्स लागतं, ते आता होतं. गाइड ठरला. शिकारीच्या मोसमात सातजण गेले. मामांनी एका गोळीत मादी मिळवली, अबू फहदचा नेम चुकला. फोटो आला तो अजून माझ्याकडे आहे. बर्फात मामा आणि भाचा तिथल्या नियमाप्रमाणे भडक नारिंगी जॅकेटात, मागे पाचजण मोकळ्या हातांनी, आणि पिकअपच्या फळीवर पितळेची दल्ला, कॉफीची किटली. एल्कच्या पायाला टॅग बांधलेला, मामांच्या नावाचा.

सनाने बोर्डाची परीक्षा जेद्दातच दिली आणि चांगले मार्क मिळवले. त्यानंतर मी स्वतः राजीनामा दिला. तोवर नौफ डेस्क माझ्याइतका चालवत होती, काही बाबतीत जास्त चांगला. जाताना मी तिला म्हटलं की खुर्ची तुझीच होती, आता कामही तुझं झालं. ती म्हणाली की बाहेरच्यांचा कोटा कधी वाढला तर पहिला फोन तुम्हाला करीन.

फोन आला, पण अबू फहदचा. मी श्रीवर्धनला अंगणात नारळ सोलत होतो. या वर्षी त्याने नराचा अर्ज केला होता, शिंगांचा मोह शेवटी सुटला नव्हता. नाव आलं नाही. मी वाईट वाटल्याचं सांगायला लागलो तर त्याने मला थांबवलं.

“पॉइंट मिळाला, हनीफ,” तो म्हणाला. “पुढल्या साली.”

माझ्या धंद्याने मला एवढंच शिकवलं. बाहेरच्या माणसाने आधी नियम वाचावेत, मग रांगेत उभं राहावं, आणि नाव नाही आलं तर बावांनी म्हटलं तेच म्हणावं. अबू फहदला ते अरबीत म्हणताना ऐकलं आणि मी नारळ तसाच टाकून शमीमला हाक मारली.